प्रोलॅक्टिन, पथ्य आणि पिशवीतल्या गोळ्या

'प्रोलॅक्टिन वाढलंय' हे वाक्य हल्ली आमच्या नायगावसारख्या तालुक्याच्या गावीही ऐकू येऊ लागले आहे. पूर्वी पाळी पुढे गेली, मूल राहिना, की 'अंगात उष्णता आहे' एवढ्यावर भागवत. आता रक्त तपासले जाते आणि रिपोर्टात एक आकडा ठळक छापून येतो. हे चांगलेच झाले. पण आकडा आल्यानंतर घरोघरी जे सुरू होते, त्याविषयी माझे काही म्हणणे आहे. मी डॉक्टर नाही. मराठी माध्यमातून बी. ए. झालेला निवृत्त शिक्षक आहे, तेव्हा जेवढे नीट समजले तेवढेच लिहितो.

सुरू काय होते, तर मोबाइलवर आहाराचा तक्ता येतो. दूध बंद, गहू बंद. पाळीनंतरचे पंधरा दिवस जवस आणि भोपळ्याच्या बिया, पुढचे पंधरा दिवस तीळ आणि सूर्यफुलाच्या बिया. सोबत 'हार्मोन बॅलन्स' असे काहीतरी लिहिलेला पावडरीचा डबा. जवसाची चटणी आणि ज्वारीची भाकरी आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, तिला कोण नावे ठेवील? पण जवस खाल्ल्याने प्रोलॅक्टिन उतरते असे छातीठोकपणे सांगण्याजोगा पुरावा नाही. आणि गंमत अशी की, या डब्यांवरचे घटक वाचले तर पुष्कळदा त्यांत शतावरी सापडते. शतावरी आपल्याकडे बाळंतिणीला कशासाठी देतात? दूध यावे म्हणून. आणि प्रोलॅक्टिनचे मुख्य काम तेच, दूध आणणे! जे कमी करायचे, त्याच्याच कामाला मदत म्हणून दिली जाणारी वनस्पती डब्यात... असो.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते, तिथून हे प्रोलॅक्टिन निघते. त्यावर लगाम असतो डोपामिनचा. लगाम सुटला की आकडा चढतो. म्हणून आकडा चढला म्हणजे तो रोग नव्हे, कुठेतरी काहीतरी झाले आहे याची ती खूण. गर्भ राहिला असेल तर प्रोलॅक्टिन वाढतेच, तेव्हा पहिली तपासणी त्याची. थायरॉइड कमी असला तरी वाढते. मूत्रपिंड निकामी होत असताना वाढते. पिट्युटरीवर छोटी गाठ असली तर वाढते. ही गाठ बहुधा कर्करोगाची नसते. सुई टोचण्याच्या भीतीनेसुद्धा थोडे वाढते! गरोदर नसलेल्या बाईत साधारण २५ पर्यंतचा आकडा ठीक मानतात. तो तीस-पस्तीस आला तर लगेच घाबरू नये. उठल्यावर तास-दोन तासांनी, थोडे शांत बसून, पुन्हा रक्त द्यावे. धावतपळत एस.टी. पकडून नांदेडला जायचे आणि उतरल्या उतरल्या हात पुढे करायचा, याने आकड्यावर विश्वास ठेवणे अवघड होते.

पण आमच्या भागात मला सगळ्यात जास्त बोचते ते कारण वेगळेच आहे. ते म्हणजे पित्ताच्या गोळ्या.

नात्यातल्या एका सुनेचे सांगतो, नाव-गाव सांगत नाही. लग्नाला चार वर्षे झालेली, पाळी दोन-दोन महिने येत नसे. प्रोलॅक्टिन निघाले ८४. मग तक्ता आला, डबा आला, घरातल्या मोठ्या बायकांनी तिचे दूध-दही तोडले. सहा महिने त्या मुलीने निमूटपणे सगळे केले, वर 'पथ्य नीट पाळत नसशील' हेही ऐकले. शेवटी नांदेडच्या एका डॉक्टरीणबाईंनी सांगितले, "घरात ज्या ज्या गोळ्या घेता, त्या सगळ्या एका पिशवीत घालून घेऊन या." पिशवीतून निघाली पित्ताची कॅप्सूल. वर्षभर रोज सकाळी उपाशीपोटी चालू! तिला ती कुठल्या डॉक्टरने लिहून दिलेली नव्हतीच. नवऱ्याला एकदा दिलेली, हिलाही बरे वाटले, मग गावातल्या एका दुकानातून चिठ्ठीशिवाय येत राहिली.

या कॅप्सूलमध्ये आम्ल कमी करणाऱ्या औषधासोबत लेव्होसल्पिराइड होते. डोम्पेरिडोन, मेटोक्लोप्रमाइड हीही तशीच. ओकारी थांबवणारी, पोट हलके करणारी ही औषधे डोपामिनला अडवतात, म्हणजे वर सांगितलेला लगामच काढून घेतात. पाकिटावर नावाच्या शेवटी 'डी', 'डीएसआर', 'एल' किंवा 'एलएसआर' अशी अक्षरे दिसली तर मागे बारीक अक्षरांत काय छापले आहे ते वाचावे. डोम्पेरिडोनने प्रोलॅक्टिन इतके हमखास वाढते की काही देशांत आईला दूध यावे म्हणून ते वापरले जाई. २००४ मध्ये अमेरिकेच्या औषध खात्याने त्याविरुद्ध इशारा दिला. बाईंनी कॅप्सूल बंद केली, थायरॉइड तपासला, तो ठीक होता. तीन आठवड्यांनी आकडा जागेवर आला. मुलीने सहा महिने दूध सोडले होते, पण पथ्य सांगणाऱ्यांपैकी एकानेही 'आणखी काय घेतेस?' एवढे विचारले नव्हते.

(मनाच्या आजारावरच्या काही गोळ्यांनीही, उदाहरणार्थ रिस्पेरिडोनने, प्रोलॅक्टिन चढते. त्या मात्र आपल्या मनाने कधीही बंद करू नयेत. ज्याने लिहून दिल्या त्यालाच विचारावे.)

'इंग्रजी औषध नको, नैसर्गिक हवे' असा आग्रह धरणाऱ्यांसाठी एक गोष्ट. बीड-संभाजीनगरकडच्या बाजरीवर अरगट पडतो, आमच्या ज्वारीवर चिकटा. पेरणीपूर्वी दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ घालून बाजरीचे बियाणे त्यात बुडवायचे आणि वर तरंगेल ते काढून टाकायचे, हे कृषी खाते कधीपासून सांगत आले आहे. ती बुरशी विषारी. बुरशीचे दाणे खाणाऱ्या जनावरांचे दूध आटू शकते. युरोपात राय नावाच्या धान्यावर याच कुळातली बुरशी पडते. तिच्यातल्या द्रव्यांवर स्वित्झर्लंडच्या सँडोझ कंपनीत काम झाले आणि त्यातून ब्रोमोक्रिप्टिन हे प्रोलॅक्टिन उतरवणारे औषध निघाले. आज जास्त चालणारे कॅबरगोलिनही अरगटाच्याच घराण्यातले. आठवड्यातून एकदा-दोनदा घ्यायची एवढीशी गोळी, तिने पुष्कळदा गाठसुद्धा आक्रसते, शस्त्रक्रियेची गरज पडत नाही. सुरुवातीला मळमळते, चक्कर येते, म्हणून रात्री जेवणासोबत देतात. शेतातली बुरशी आणि ही गोळी यांत फरक आहे तो मोजमापाचा.

आपल्या वनस्पतींबद्दलही मोजमाप करता येते, नव्हे झालेही आहे. खाजकुइलीच्या बियांत एल-डोपा असते, त्याचेच शरीरात डोपामिन होते. १९७८ मध्ये मुंबईच्या डॉ. रमा वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'न्यूरॉलॉजी इंडिया' या नियतकालिकात ब्रोमोक्रिप्टिन, खाजकुइली आणि एल-डोपा यांची प्रोलॅक्टिनच्या संदर्भात तुलना प्रसिद्ध केली. किती दिले, आकडा किती होता, किती झाला, असे बघत केलेले काम. आयुर्वेदाचा आदर करायचा तो असा. डबा विकणाऱ्याला 'या डब्याने आकडा किती उतरतो, कुणाचा उतरला, कुणी मोजला' असे विचारून बघा. 'जीवनसत्त्व ब-६ भरपूर घ्या' असे सांगणाऱ्यालाही विचारा. त्याचे मोठे डोस दीर्घकाळ घेतले तर हातापायांच्या नसा बिघडतात, हे तो सांगत नाही.

आणखी एक. प्रोलॅक्टिन ही बाईचीच भानगड असे समजण्याचे कारण नाही. पारव्याची मादीच नव्हे, नरही पिलांना गळ्यातल्या पिशवीतले दुधासारखे द्रव्य भरवतो आणि तेही याच संप्रेरकामुळे. ऑस्कर रिडल या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात कबुतरांवरच त्याचा अभ्यास केला, प्रोलॅक्टिन हे नावही त्याचेच. पुरुषात ते वाढले तर इच्छा कमी होते, मूल राहण्यात अडचण येते. पाळीसारखी खूण नसल्याने पुरुषाची गाठ पुष्कळदा उशिरा कळते, तोवर डोके दुखू लागते, कडेचे दिसेनासे होते. आमच्याकडे बाईच्या चार तपासण्या होईपर्यंत पुरुषाची एकही होत नाही. वर सांगितलेल्या मुलीच्या नवऱ्यालाही डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी तपासणी लिहून दिली होती. ती करून यायला त्याने तीन महिने लावले.