अंडं कोणत्या टोकाने फोडायचं?

मायक्रोप्रोसेसरच्या लॅबमध्ये ८०८५ च्या किटवर ज्याने बोटं झिजवली आहेत, तो २१ ५० २० हे तीन बाइट विसरणार नाही. एचएल जोडीत २०५० भरायचे, पण मेमरीत आधी ५० आणि मग २०! 'असं उलटं का?' विचारलं की उत्तर ठरलेलं : 'तसंच असतं, पुढे चला.'

लहान टोक आधी ते लिटल एंडियन. मोटोरोलाचा ६८००० मोठं टोक आधी ठेवतो, तो बिग एंडियन. अंड्याच्या टोकावरून भांडणारी माणसं 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'मध्ये आहेत. तिथून ही नावं डॅनी कोहेन यांनी १९८० साली संगणकात आणली.

मी सी मध्ये ८०८५ चा एम्युलेटर लिहिला. युनियनमध्ये आधी एल, मग एच आणि त्याच जागेवर १६ बिटांचा एचएल. पीसी स्वतःच लिटल एंडियन, त्यामुळे सगळं झकास! जर्नलवर सहीसुद्धा झाली. पुढे एका सरांनी तोच कोड क्यूईएमयूमध्ये, बिग एंडियन पॉवरपीसीवर चालवायला लावला. एचएलमध्ये २०५० भरले आणि पठ्ठ्या डेटा आणायला गेला ५०२० वर!

रूममेट म्हणाला, "इफडेफ टाक, मशीन ओळख आणि बाइट उलटे कर." टाकले. एका ठिकाणी दोनदा उलटे झाले, म्हणजे पुन्हा जैसे थे. ती रात्र त्यातच गेली.

आता माझं मत पक्कं आहे : ज्या मशीनवर कोड चालतोय, तिला तिचा क्रम विचारायचाच नाही. एच आठ बिट डावीकडे सरकवा, त्यात एल ऑर करा, झाला एचएल. मेमरीतून घेताना ८०८५ साठी दुसरा बाइट सरकवा, ६८००० साठी पहिला. शिफ्ट आकड्याच्या किमतीवर चालतं, तो मेमरीत कसा ठेवलाय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. म्हणून उत्तर सगळीकडे एकच. शेवटी क्रम ज्याचं सोंग घेतलंय त्याचा, सोंग घेणाऱ्याचा नव्हे.

'शिफ्टने स्पीड जाईल' ही भीतीही फारशी खरी नाही. जीसीसी, क्लँगसारखे कंपायलर हा नमुना ओळखतात आणि बरेचदा एकाच लोडमध्ये काम भागवतात.

आपल्याकडे आउटपुट आलं की सही मिळते. माझ्या चुकीच्या कोडलाही मिळाली, हेच मला खटकतं. म्हणून सरांना नम्र विनंती : सही करण्याआधी एकदा विचारा, 'दुसऱ्या मशीनवर चालेल का?' आणि ज्युनिअर्सनो, व्हायव्हात 'माझ्या पीसीवर चालतं' एवढंच सांगून सुटू नका. माझा एम्युलेटरही चालतच होता!