नाव लपवलं, घर दिसलं

तंजावर जिल्ह्यातल्या पापनाशम तालुक्यात शेतमजुरांच्या सर्व्हेसाठी गेले होते. दलितांची वस्ती, तिकडे तिला चेरी म्हणतात, गावापासून वेगळी, आपल्या महारवाड्या-मांगवाड्यासारखीच. प्रश्न मजुरीचे, कर्जाचे, मालकाच्या वागण्याचे. एका आजींनी दुभाष्या मुलीमार्फत विचारलं, "मालकाला कळणार नाही ना?" मी म्हटलं, "तुमचं नाव कुठेच नाही, आजी."

रात्री डेटा उघडला. नाव नव्हतं, पण जीपीएस होतं. नकाशावरचा ठिपका थेट आजींच्या दारात. सगळे फॉर्म एका शीटमध्ये आणि शीटची लिंक टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. मी आजींना खोटं आश्वासन दिलं होतं.

आंद्रे बेते यांनी साठच्या दशकात याच जिल्ह्यातल्या गावाला 'श्रीपुरम' हे टोपणनाव दिलं होतं. तेव्हा नाव बदलून गाव निदान झाकता यायचं. आता ठिपका घर दाखवतो. आणि जिथे वस्त्याच जातीनुसार वसल्यात, तिथे ठिकाण हीच जात. तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातल्या किळवेनमणीत २५ डिसेंबर १९६८ रोजी मजुरीच्या लढ्यातून ४४ दलितांना जाळून मारलं गेलं. मजुरीबद्दलचं उत्तर तिथे नुसता डेटा नसतो.

कायद्यावर विसंबू नका. २०१९च्या डेटा संरक्षण विधेयकात जात 'संवेदनशील' माहिती होती. २०२३च्या कायद्यात तो वर्गच उरला नाही. संशोधनालाही अटींसह सूट आहे.

जातीची आकडेवारी आपल्याला हवीच. २०२७च्या जनगणनेत जात मोजली जाणार आहे, तीही मोबाइल ॲपवर. म्हणूनच माहिती देणाऱ्याची सुरक्षितता ही आपली मागणी असली पाहिजे. साधनं आहेत. ओडीके, कोबोमध्ये फॉर्म टॅबमध्येच कुलूपबंद होतो. किल्ली असणाऱ्यालाच तो वाचता येतो. जीपीएस लागतं ते सर्वेक्षक खरंच घरी गेला का हे तपासायला. मग तपासणी झाली की ते पुसा.

आपल्यातले कितीतरी जण पदवीनंतर फॉर्ममागे पैसे घेऊन हेच काम करतात. मीही केलंय. पुढचा टॅब हातात घेण्याआधी सुपरवायझरला तीनच प्रश्न विचारा: किल्ली कोणाकडे? ठिकाण का हवंय? कधी पुसणार? उत्तर मिळालं नाही, तर "कोणाला कळणार नाही" असं कुठल्याही आजीला सांगू नका.