घरांतील विचार : सरावाचे गुण

आश्विन सरून कार्तिक लागला, कीं पूर्वी घरोघर फराळाच्या आणि तुळशीच्या लग्नाच्या गोष्टी निघत. आतां ज्या घरांत पदवीच्या शेवटच्या वर्षाचा मुलगा किंवा मुलगी आहे, तेथें ह्याच सुमारास आणखी एक विषय निघतो : ‘कॅट’च्या सराव-परीक्षेंत आज किती गुण पडले ? आमच्या घरीं गेल्या वर्षीं हा प्रश्न रोज रात्रीं पानावर विचारला जाई, आणि तो विचारणारे आम्हीच होतों, हें प्रारंभींच कबूल केलें पाहिजे.

ज्या वाचकांस ह्या परीक्षेची माहिती नसेल, त्यांच्याकरितां दोन शब्द. भारतीय व्यवस्थापन संस्थांपैकीं पहिल्या दोन, कलकत्ता व अहमदाबाद येथील, १९६१ सालीं निघाल्या. त्यांच्या व त्यांच्या मागून निघालेल्या भगिनी-संस्थांच्या प्रवेशाकरितां ही सामायिक परीक्षा वर्षांतून एकदां, बहुधा नोव्हेंबरच्या अखेरच्या रविवारीं, होते. २०२४ सालीं तींत ६८ प्रश्न होते : भाषा व आकलन २४, माहितीचें विश्लेषण व तर्क २२, गणित २२. प्रत्येक विभागास चाळीसच मिनिटें. एकाची वेळ दुसऱ्यास उसनी देतां येत नाहीं. बरोबर उत्तरास तीन गुण. पर्यायी प्रश्न चुकल्यास एक गुण वजा. जेथें उत्तर स्वतः टंकित करावयाचें, तेथें मात्र हा दंड नाहीं.

आमची पुतणी ऑगस्टपासून सराव करीत होती. तिचे गुण एका जागीं अडकले. ‘शेजारच्या मुलाला किती पडले ?’ असें आम्ही सहज विचारीत असूं. जितका सराव अधिक तितके गुण अधिक, ही आमची समजूत. परिणाम असा झाला, कीं आठवड्यास एकाऐवजीं ती चार परीक्षा देऊं लागली आणि गुण उलट उतरले. पुढें ती आंकडा फुगवून सांगूं लागली. हें उघडकीस आलें त्या दिवशीं आम्हांस प्रथम राग आला, आणि मागाहून लाज वाटली. जी मुलगी कधीं खोटें बोलली नव्हती, तिला तें आमच्याच प्रश्नानें शिकविलें होतें.

आमच्या मातोश्री तेव्हां एवढेंच म्हणाल्या, “अरे, मार्क रोज विचारतोस, चुकलं काय, तें एकदां तरी विचारलंस का?”

त्या रात्रीं आम्ही दोघें तिची उत्तरपत्रिका घेऊन बसलों. गणितांत तिनें अठरा पर्यायी प्रश्न सोडविले होते. नऊ बरोबर, नऊ चूक. म्हणजे सत्तावीसांतून नऊ जाऊन उरले अठरा. त्या नऊ चुकांपैकीं केवळ दोन ठिकाणीं रीत ठाऊक नव्हती. तीन ठिकाणीं प्रश्नच नीट वाचला नव्हता. उरलेल्या चारांत घाईनें अंदाज ठोकला होता. तेथें आमच्या ध्यानांत आलें, कीं तिनें बाराच प्रश्न घेऊन दहा बरोबर केले असते, तर अठ्ठावीस गुण पडते. आणि प्रत्येक प्रश्नास सवादोन मिनिटांऐवजीं तीन मिनिटांहून अधिक वेळ मिळता.

अंदाज सर्वथा वर्ज्य, असेंही नव्हे. चार पर्यायांतून डोळे मिटून एक निवडला, तर सरासरीनें लाभ नाहीं नि हानिही नाहीं. चारांत एकदां तीन गुण मिळतात, तीनदां एकेक जातो. परंतु दोन पर्याय विचारानें बाद करतां आले, तर प्रत्येक प्रश्नामागें सरासरी एक गुण पदरांत पडतो.

त्यानंतर आठवड्यास एकच परीक्षा ठरली. दुसऱ्या दिवशीं घड्याळ बाजूस ठेवून, उत्तर न पाहतां, चुकलेले प्रश्न पुन्हा सोडवावयाचे. मग वहींत तीन रकाने : ‘येत नव्हतें’, ‘येत असून चुकलें’, ‘सोडावयास हवें होतें’. पहिल्याला अभ्यास हें औषध, दुसऱ्याला सावकाश वाचन, तिसऱ्याला निग्रह. तर्काच्या विभागांत प्रश्न गटागटानें येतात. तेथें पहिलीं चार-पांच मिनिटें सर्व गट नजरेखालून घालून मगच आपले गट निवडण्याची तिनें संवय केली. शिवाय कोणती पत्रिका सोपी तर कोणती अवघड निघते. म्हणून ह्या आठवड्याचे गुण गेल्या आठवड्याशीं ताडून पाहणें आम्हीं सोडलें, आणि चुकांची संख्या मोजूं लागलों. सहा आठवड्यांत गणितांतील चुका नवांवरून तिनांवर आल्या. गुण वाढले, पण दर खेपेस नव्हे.

अहमदाबादेचें बोलावणें तिला आलें नाहीं. दुसऱ्या एका संस्थेंत ती आज समाधानानें शिकत आहे. परंतु परीक्षेपूर्वीं एके रात्रीं, कोणी न विचारतां, तिनें पानावर आपण होऊन सांगितलें, “काका, आज फार कमी पडले. पण कां, तें मला कळलं आहे.” आमच्या वाचकांच्या घरीं यंदा कोणी ह्या परीक्षेस बसत असेल, तर त्यांनीं गुणांचा आंकडा विचारण्याचें महिनाभर तरी सोडावें, वही मात्र, मुलाची संमति असेल तर, त्याच्या शेजारीं बसून अवश्य वाचावी.