पाहुण्याच्या हाती घराच्या किल्ल्या

मे महिन्याच्या सुटीत दुपारी घर एकाएकी शांत झाले की पूर्वी आया समजून जात, पोरे आंब्याच्या झाडावर आहेत. आता ती बहुधा 'माइनक्राफ्ट'मध्ये असतात. ठोकळ्यावर ठोकळा रचून घरे, किल्ले, बोगदे उभारायचे, असा हा संगणकावरचा खेळ. स्वीडनच्या मार्कस पेर्सन यांनी तो २००९ साली लोकांपुढे आणला. २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यांची मोजांग ही कंपनी अडीच अब्ज डॉलरला विकत घेतली आणि २०२३ पर्यंत खेळाच्या ३० कोटींहून अधिक प्रती खपल्या. दिवाळीत मातीचा किल्ला करणाऱ्या मुलांना त्याचे वेड लागावे, यात नवल ते काय?

काही दिवस मूल एकट्याने खेळते. मग वर्गमित्र, सोसायटीतली मुले, दूर गावी राहणारी मावसभावंडे अशी टोळी जमते आणि सर्वांना एकच जग हवे होते. हे सामाईक जग ज्या संगणकावर चालते, तो सर्व्हर. त्याचा प्रोग्राम कंपनी फुकट देते. पहिल्यांदा चालू केला की तो लगेच थांबतो आणि एक छोटी फाइल मागे ठेवतो. करार मान्य आहे, असे तीत लिहिल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. मुलगा 'फॉल्स' पुसून 'ट्रू' लिहितो. करार मात्र वाचत नाही. (घरातली मोठी माणसे तरी कुठे वाचतात!) मग इंटरनेटच्या डबीत, म्हणजे राउटरमध्ये, २५५६५ क्रमांकाचा दरवाजा बाहेरच्यांसाठी उघडला जातो, मित्रांना पत्ता कळवला जातो आणि मंडळी आत येऊ लागतात.

पहिला आठवडा गुण्यागोविंदाने जातो. दुसऱ्या आठवड्यात कुणीतरी कुणाच्या तरी लाकडी घरावर लाव्हा ओततो. पंधरा दिवसांची मेहनत जळून खाक. फोनाफोनी होते, रडारड होते, प्रसंगी दोन घरच्या आयांमध्येही अबोला येतो. 'मी नाही, त्यानेच केले' हे भांडण सोडवायला साक्षीदार कुठून आणायचा? इथे प्लगइनचा प्रवेश होतो.

प्लगइन म्हणजे मूळ सर्व्हरला नंतर जोडायचा लहानसा प्रोग्राम. कंपनीचा सर्व्हर तो स्वीकारत नाही. त्यासाठी स्पिगॉट किंवा त्याच्याच कुळातला पेपर असे बाहेरच्या मंडळींनी तयार केलेले सर्व्हर घ्यावे लागतात. (हे सारे संगणकावरच्या 'जावा' आवृत्तीचे झाले. मोबाइलवरच्या आवृत्तीचा संसार वेगळा.) जोडण्याची कृती पाहिली तर पोळी लाटण्याहून सोपी आहे. सर्व्हर बंद करायचा, उतरवून घेतलेली जार फाइल 'प्लगइन्स' नावाच्या फोल्डरमध्ये टाकायची आणि सर्व्हर पुन्हा सुरू करायचा. प्लगइन स्वतःचे फोल्डर बनवते आणि त्यात बहुधा नियमांची एक फाइल ठेवते. ती फाइल मात्र भारी सोवळी असते. ओळी आत सरकवताना मोकळ्या जागांऐवजी एकदा जरी टॅबची कळ दाबली गेली, तरी ती वाचली जात नाही आणि मग मुलगा तासन् तास चूक शोधत बसतो.

पण हाती येते ते मोठे मजेचे. 'कोअरप्रोटेक्ट' हे प्लगइन कुणी कोणता ठोकळा कधी ठेवला व कधी फोडला, याची वही लिहिते. त्या वहीवरून गुन्हेगार सापडतोच, शिवाय एका आज्ञेत त्याने केलेली नासधूस उलटवून जळलेले घर पुन्हा उभे करता येते. 'ग्रीफप्रिव्हेन्शन'मध्ये सोन्याचे फावडे घेऊन समोरासमोरचे दोन कोपरे दाखवले की तेवढी जमीन आपल्या नावावर होते आणि दुसऱ्याला तिथला ठोकळाही हलवता येत नाही. ना मोजणीदार, ना तलाठ्याकडे खेपा! 'लकपर्म्स'मध्ये कुणाला काय करण्याची मुभा, हे ठरवता येते. सगळ्या मित्रांना सरसकट सर्वाधिकार देऊन टाकणे ही नव्या सर्व्हरमालकाची ठरलेली पहिली चूक. ती इथे सुधारते.

आता यातली बहुतेक प्लगइने फुकट मिळतात, ती कुणाच्या जिवावर? अनोळखी हौशी माणसांच्या. नोकरी, कॉलेज सांभाळून रात्री जागून ती लिहिली जातात. या साऱ्याचा पाया घातला तो 'बकिट' नावाच्या प्रकल्पाने. २०१४ च्या ऑगस्टमध्ये त्याच्या चालकांनी प्रकल्प बंद करत असल्याचे जाहीर केले, तेव्हा मोजांगने सांगितले की तो दोन वर्षांपूर्वीच आमच्या मालकीचा झाला आहे. फुकट राबणाऱ्यांना हे ऐकून काय वाटले असेल! त्यांच्यापैकी वेस्ली वोल्फ यांनी सप्टेंबरमध्ये कॉपीराइट कायद्याची नोटीस दिली आणि बकिटचा सर्व्हर डाउनलोडसाठी मिळेनासा झाला. स्पिगॉटवाल्यांनी मग निराळी वाट काढली. तयार सर्व्हर वाटायचा नाही. तो ज्याने त्याने आपापल्या संगणकावर घडवायचा, त्याचे साधन मात्र आम्ही देतो. भाकरी देत नाही, पीठ आणि तवा देतो, असाच हा प्रकार.

पालकांनी ध्यानात घ्यायची गोष्ट पुढेच आहे. मोबाइलवरचे अ‍ॅप कॅमेऱ्याची किंवा फोनपुस्तिकेची परवानगी मागते. प्लगइन असे काही विचारत नाही. एकदा फोल्डरमध्ये गेले की सर्व्हरला जेवढे अधिकार, तेवढेच त्यालाही मिळतात. सर्व्हर वडिलांच्या खात्यातून सुरू केला असेल, तर वडिलांना वाचता येणारी जवळजवळ प्रत्येक फाइल प्लगइनलाही वाचता येते. बँकेची विवरणपत्रे, स्कॅन करून ठेवलेली आधार कार्डे, ब्राउझरमधल्या लॉगिनच्या खुणा, सगळेच. पाहुण्याला ओसरीवर बसवायचे म्हणून बोलावले आणि किल्ल्यांचा जुडगाच त्याच्या हाती दिला, असे हे आहे. बहुतेक पाहुणे सज्जन असतात, म्हणून निभावते.

ते नेहमीच निभावत नाही, हे जून २०२३ मध्ये दिसले. 'फ्रॅक्चरायझर' नावाने ओळखला गेलेला घातक प्रोग्राम त्या वेळी माइनक्राफ्टच्या काही जोडफाइलींमध्ये सापडला. या फाइली कुठल्या चोरबाजारातल्या नव्हत्या. कर्सफोर्ज आणि बकिटच्या नावाजलेल्या साइटींवर त्या होत्या. काही लेखकांची खाती परक्यांच्या ताब्यात गेली होती आणि ओळखीच्या नावाखाली विषारी फाइल वाढली जात होती. ती ब्राउझरमधली लॉगिनची माहिती आणि माइनक्राफ्ट, मायक्रोसॉफ्ट व डिस्कॉर्ड यांच्या खात्यांच्या खुणा चोरत होती. एवढेच नव्हे, तर संगणकावरच्या इतर जार फाइलींतही शिरत होती. तिचा छडा लावण्यात पुढाकार होता तो पुन्हा हौशी मंडळींचाच.

डिसेंबर २०२१ चे प्रकरण तर याहून विचित्र. 'लॉग४जे' हा नोंदी ठेवणारा प्रोग्राम जगभरच्या असंख्य संगणकांत वापरला जातो, माइनक्राफ्टमध्येही होता. त्यात असा दोष निघाला की खेळातल्या गप्पांच्या चौकटीत एक विशिष्ट ओळ टाइप केली, तरी सर्व्हर दुसऱ्याच्या हुकमतीखाली जाऊ शकत होता. मोजांगने १० डिसेंबरला सुधारित आवृत्ती काढली. आमची जुनी आवृत्तीच बरी, असे म्हणत जे बसून राहिले, त्यांचा दरवाजा मात्र उघडाच राहिला.

आपल्याकडे आणखी एक वाट फार रुळलेली आहे. मूळ खेळ विकत घ्यावा लागतो, टोळीतल्या काहींनी तो घेतलेला नसतो. मग सर्व्हरच्या फाइलीत 'ऑनलाइन-मोड' बंद केला जातो. याचा अर्थ, येणारा खरोखर तोच आहे का, हे विचारणारा दारवान घरी पाठवला. आता कुणीही कुणाचेही नाव सांगून येऊ शकतो, अगदी सर्व्हरमालकाचेही. आणि मालकाचे अधिकार नावाबरोबर त्याला मिळतात. मग पासवर्ड मागणारे 'ऑथमी'सारखे प्लगइन बसवावे लागते. अशा परक्या सर्व्हरवर आपल्या मुलाने ई-मेलचाच पासवर्ड दिला आहे का, हे घरच्यांनी एकदा विचारून पाहावे. विकतची प्लगइने 'फुकट' वाटणाऱ्या साइटींचीही हीच तऱ्हा. अशा चोरट्या प्रतींमध्ये परक्याला गुपचूप सर्वाधिकार देणारी ओळ घातलेली आढळली आहे. पाचशे-हजार रुपये वाचवण्यासाठी घेतलेली ही जोखीम कुणाही शहाण्याला परवडणारी नाही.

पैशाचा विषय निघालाच आहे, तर त्याची दुसरी बाजूही आहे. काही सर्व्हरमालक प्लगइनच्या आधारे खेळातल्या तलवारी आणि मानाची पदे विकू लागले. शंभर-शंभर डॉलर परत मागणारी पालकांची पत्रे येतात, असे पेर्सन यांनीच २०१४ मध्ये लिहिले होते. त्याच वर्षी कंपनीने खेळात वरचढ ठरवणाऱ्या वस्तू विकायला बंदी केली.

म्हणून मुलाला सर्व्हर काढूच द्यायचा नाही का? तसे मुळीच नाही. नियमांची फाइल वाचणे, इंग्रजीत लिहिलेली चूक समजून घेणे, भांडणाऱ्या दहा मित्रांसाठी नियम करणे, एवढे शिक्षण कुठल्याही सुटीच्या शिबिरात मिळणार नाही. घरात जुना संगणक धूळ खात पडला असेल तर सर्व्हर त्यावर चालवावा. तो नसेल तर निदान मुलासाठी वेगळे खाते काढावे, प्रमुखाचे अधिकार नसलेले, आणि सर्व्हर त्यातूनच सुरू करावा. फुकट सर्व्हर चालवून देणाऱ्या काही सेवा आपल्या यादीतलीच प्लगइने बसवू देतात; मुले त्यावर कुरकुरतात, पण नवशिक्याला तेच बरे. 'व्हाइटलिस्ट' चालू ठेवली की यादीत नाव असलेल्यांनाच प्रवेश मिळतो. डिस्कॉर्डवर कुणी पाठवलेल्या दुव्यावरून फाइल घेऊ नये. लेखकाचे मूळ पान शोधावे, शेवटची सुधारणा कधीची आहे ते पाहावे.

आणि एका वेळी एकच प्लगइन. सर्व्हर सेकंदाला वीस ठोके देतो, म्हणजे एका ठोक्यातले सारे काम त्याला ५० मिलिसेकंदांत उरकावे लागते. हौसेने तीस प्लगइने एकदम भरली आणि खेळ अडखळू लागला, तर गुन्हेगार कोण, हे कळायचे कसे?

प्रत्येक वेळी आधी सर्व्हर बंद करून जगाच्या फोल्डरांची प्रत पेन ड्राइव्हवर काढावी. मुलांना हे काम कंटाळवाणे वाटते. पण कोअरप्रोटेक्टची वही ते बसवल्याच्या दिवसापासून सुरू होते. त्यापूर्वीचे तिला काहीच ठाऊक नसते. आदल्या आठवड्यात लाव्हाने जळालेले ते पहिले घर अशी प्रत असेल तरच परत मिळते.