नाताळ घरचा की दुकानातला?

डिसेंबर लागला की आम्हां ख्रिस्ती घरांतली लगबग आता तुमच्यापैकी अनेकींच्या घरीही पोचते. शाळेसाठी लाल टोपी हवी, दुकानातलं तयार झाड हवं, मोबाइलवर सवलतींच्या जाहिराती येतच असतात. सण तीन आठवडे लांब असतो आणि महिन्याचं गणित आत्ताच चुकू लागतं!

पण खर्चापेक्षाही मला काळजी वाटते ती निराळ्याच गोष्टीची. मी शाळेत अर्धवेळ शिकवते. नाताळची सुट्टी संपली की मुलांत एकच चौकशी असते, "सांतानं तुला काय दिलं?" कुणी सायकल सांगतं, कुणी घड्याळ. एखादं मूल मात्र उगीचच दप्तरात काहीतरी शोधत बसतं. सांता शहाण्या मुलांनाच देतो, असं आपणच सांगून ठेवलेलं असतं ना? मग ज्याला काही मिळालं नाही, ते बिचारं काय समजणार? वडिलांचा पगार बेताचा, हे त्याच्या ध्यानात येत नाही. आपणच शहाणे नाही, असं त्याला वाटतं.

ज्या संत निकोलसवरून हा सांता आला, तो चौथ्या शतकात मायरा इथं, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, बिशप होता. त्याची आख्यायिका अशी : एका गरीब बापाच्या तीन मुलींची लग्नं हुंड्यावाचून अडली होती. निकोलसनं रात्रीच्या अंधारात त्यांच्या घरात सोन्याच्या थैल्या टाकल्या, आपलं नावही कळू दिलं नाही. मुली शहाण्या आहेत की नाहीत, हे काही त्यानं विचारलं नाही! मुलांना ही गोष्ट जरूर सांगा. आणि भेटवस्तू आई-बाबांनी आणलीय, हेही सरळ सांगून टाका. प्रत्येकाला एकच वस्तू, आपल्या ऐपतीची.

आता घरात काय करायचं? गव्हाणीचा देखावा विकत आणू नका. इ. स. १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिसनं असा देखावा केला, तेव्हा खरा बैल, खरं गाढव आणि गवत एवढंच होतं. आपल्याला बुटांचं खोकं, थोडी माती आणि वाळलेलं गवत पुरे. दहाएक दिवस आधी पसरट ताटलीत माती घालून गहू किंवा नाचणी पेरा. पाणी शिंपडायचं काम मुलांकडे द्या. नाताळपर्यंत हिरवंगार कुरण तयार! बाळ येशूला मात्र २४ डिसेंबरच्या रात्रीच गव्हाणीत ठेवा. तोवर गव्हाणी रिकामी. वाट पाहण्यातली गंमत मुलांना कळू द्या.

ताऱ्यासाठी बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद आणि घरची खळ आणा. दिवाळीचा आकाशकंदील करणाऱ्या घराला हे काय अवघड? संध्याकाळी टीव्ही बंद करून रेव्हरंड ना. वा. टिळकांची दोन मराठी भजनं सर्वांनी मिळून म्हणावी.

फराळाचे दहा प्रकार करून पंचविसाव्या तारखेला आपणच आडव्या पडायचं, हेही थांबवू या. करंज्या, शंकरपाळ्या आणि एखादा केक, एवढं पुष्कळ झालं. पण दोन ताटं जास्त भरा. एक शेजारी, जिथून दिवाळीत आपल्याकडे फराळ येतो तिथं. दुसरं, ज्या घरी यंदा माणूस गेलंय आणि कढई चढलेली नाही तिथं. ताट मुलांच्या हाती पाठवा आणि दारातून लगेच परतू नका, थोडं बसून या, असं बजावून सांगा.

शेवटचं एक. मुलांना आपल्या खेळण्यांतलं एक चांगलं, न मोडलेलं खेळणं स्वतः निवडू द्या आणि कुणा गरजू मुलाकडे पोचवा. नाव सांगायचं नाही, फोटो काढायचा नाही. घेणाऱ्या मुलालाही मान असतो. सुट्टीनंतर शाळेत त्यालाही "तुला काय मिळालं?" असं कुणीतरी विचारणारच आहे, आणि तेव्हा ते कुणी दिलं, हे सांगायची पाळी त्याच्यावर येऊ नये.