विटेवरचा देव आणि उंबरठ्यावरची वृद्ध माणसे

आज कार्तिकी एकादशी. चातुर्मासाच्या योगनिद्रेतून श्रीविष्णू आज जागे होतात, म्हणून हिला प्रबोधिनी म्हणतात. ज्याच्या दर्शनासाठी पंढरीत आज लक्षावधी भाविक तिष्ठत आहेत, तो विठ्ठल स्वतः पुंडलिकासाठी तिष्ठत उभा आहे. मातापित्यांच्या सेवेत मग्न असलेल्या पुंडलिकाने दारी आलेल्या देवाला वीट दिली आणि थांबावयास सांगितले. हाच पुंडलिक आरंभी आईबापांना छळत होता, हेही कथा विसरत नाही.

चौसाळ्याच्या परिसरात ही कथा सांगताना मात्र शब्द जड होतात. याच सुमारास बीड जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीस जातात. पुढे पाच-सहा महिने घराच्या उंबरठ्याशी उरतात ती वृद्ध माणसे. त्यांतील एखाद्यास स्मृतिभ्रंश जडला, तर पेटलेली चूल आणि घरची वाट दोन्ही विसरतात. हा वार्धक्याचा स्वभाव नव्हे. मेंदूचा विकार आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीच्या अंदाजानुसार देशातील साठीपुढील सुमारे ८८ लक्ष लोकांना तो आहे.

ज्या घरी माणसे आहेत, तेथेही एकट्या सुनेला रोजच रात्रीचा जागर घडतो. तरीही वृद्धाश्रमाचे नाव काढताच घराण्याला बट्टा लागला असे आपण मानतो. आमच्या मते हा विचार तपासला पाहिजे. आईबापांना टाकून देणे हे पाप खरेच. परंतु जाणत्या हाती सोपवून वरचेवर भेटीस जाणे, ही सेवाच होय. सोपविण्यापूर्वी मात्र पाहावे : रात्री कोणी जागे असते काय? विस्मरण झालेल्यास कोंडून वा बांधून तर ठेवीत नाहीत ना? सेवेस रोज ओळखीचीच माणसे असतात काय? नातलगांस केव्हाही भेटता येते काय?

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात जिल्ह्यास किमान एक, दीडशे निराधार वृद्धांना सामावून घेणारे निवासगृह उभारण्याची तरतूद आहे. परंतु मुले असून ती पोटासाठी परमुलखी गेली, अशा वृद्धांना आपल्याच गावाजवळ, हंगामापुरता आसरा हवा. येथे देवस्थाने आणि सप्ताह मंडळे यांनी पुढे यावे. सप्ताहाच्या पंगतींना आपल्याकडे कधी धान्य कमी पडत नाही. त्यातील एक वाटा बाजूला काढून, शासनाचे साह्य मागून, चार गावांत मिळून एक सेवासदन चालविता येईल. दोन वेळचे अन्न, औषधपाणी आणि शिकविलेले दोन-चार सेवक, एवढ्याने आरंभ करावा.

देव आज जागे झाले आहेत. आपणही जागे होऊ या. विठ्ठल युगानुयुगे थांबू शकतो. उंबरठ्यावर बसलेल्या म्हातारीपाशी तेवढा वेळ नाही.