बीएस्सीनंतर इंजिनियर का नाही?

बारावी सायन्सला गणितात चांगले गुण मिळवणारी आपली मुलगी पुढे काय करते? बहुतेक वेळा गावातल्याच कॉलेजात बीएस्सी. इंजिनियरिंग कॉलेज दूर असते. हॉस्टेलचा विषय निघाला की अब्बा गप्प होतात आणि अम्मी म्हणते, "घरून जाऊन-येऊन जे होईल ते कर." मग बीएड, मग टीईटीची तयारी. मी याच वाटेने शिक्षिका झाले, त्यामुळे या वाटेला नावे ठेवणार नाही. पण ती आवडीने धरणे वेगळे आणि दुसरी वाट आहे हेच माहीत नसणे वेगळे.

जवळच्या कॉलेजात विज्ञान आहे, इंजिनियरिंग मात्र नाही, हा पेच इतरांपुढेही आला होता. अमेरिकेतल्या अटलांटा शहरात मोअरहाउस हे मुलांचे आणि स्पेलमन हे मुलींचे कॉलेज आहे. गुलामगिरी संपल्यानंतर कृष्णवर्णीयांसाठी निघालेल्या या संस्था. पहिली 1867 सालची, दुसरी 1881 सालची. मार्टिन ल्यूथर किंग मोअरहाउसचेच विद्यार्थी. त्याच शहरात जॉर्जिया टेक हे नामांकित सरकारी विद्यापीठ आहे, पण 1961 सालापर्यंत तिथे एकाही कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला प्रवेश नव्हता.

दार उघडले म्हणून लगेच रांग लागत नाही. 1969 साली अटलांटातल्या कृष्णवर्णीय कॉलेजांनी दुहेरी पदवीची योजना सुरू केली. पहिली तीन वर्षे आपल्या कॉलेजात, ओळखीच्या माणसांत: गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जोडीला भाषा आणि समाजशास्त्रे. पुढची दोन वर्षे जॉर्जिया टेकसारख्या भागीदार विद्यापीठात. साधारण पाच वर्षांनी हातात दोन संस्थांच्या दोन पदव्या. पुढे काय लागणार हे मुलीला पहिल्याच वर्षी माहीत असते, कारण दोन्ही संस्थांनी ते आधीच बसून ठरवलेले असते. मला तरी सगळे मर्म यातच दिसते.

ही योजना म्हणजे जादू नव्हे. विद्यापीठातला प्रवेश आपोआप होत नाही, गुणांची अट असते. तीन वर्षांनी मैत्रिणी सोडून नव्या ठिकाणी जायचे, पाचव्या वर्षाचा खर्च सोसायचा. अशा योजनांत ऐनवेळी माघार घेणारेही असतात. तरी त्यांच्याकडे आपल्या कॉलेजची पदवी पुरी करण्याचा मार्ग उरतो.

आपल्याकडे असा करार नाही, पण दार आहे. बारावीला गणित असलेल्या बीएस्सी पदवीधराला गुणांची किमान अट पूर्ण केली, तर इंजिनियरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षासाठी अर्ज करता येतो. 'डायरेक्ट सेकंड इयर' म्हटले की आपल्याला फक्त पॉलिटेक्निकची मुले आठवतात! बीएस्सीची तीन आणि ही तीन, अशी सहा वर्षे होतात. शिवाय इंजिनियरिंग ड्रॉइंग, मेकॅनिक्स हे पहिल्या वर्षाचे विषय तिच्या वाट्याला आलेले नसतात. ते तिला एकटीने भरून काढावे लागतात. म्हणून हे दार असून नसल्यासारखे.

सहाची पाच वर्षे करायची तर विद्यापीठ आणि एआयसीटीई दोघांची संमती हवी. ते लांबचे काम आहे. पण मालेगाव, औरंगाबादसारख्या शहरांत सायन्स कॉलेजही आहे आणि इंजिनियरिंग कॉलेजही. बीएस्सीच्या मुलींसाठी आठवड्यातून एक दिवस ड्रॉइंगचा नि मेकॅनिक्सचा वर्ग घ्यायला कुणाची परवानगी लागते? इमारतीच्या उद्घाटनाला एकाच मंचावर बसणारे आपले ट्रस्टी यासाठीही एकत्र बसू शकतात.

आता नेहमीचा प्रश्न: मुलगी सहा वर्षे शिकली तर निकाह कधी? बीएस्सी तीन वर्षांची आणि बीएड दोन वर्षांचे, ही पाच झालीच की. तेव्हा कुणी वय मोजत नाही. फरक एका वर्षाचा आहे. आणि माझा अनुभव असा की, अठराव्या वर्षी लेकीला दुसऱ्या शहरात पाठवायला घाबरणारा बाप तिच्या हातात पदवी आली की निदान बोलायला तयार होतो. त्या वेळी त्याला सांगण्यासारखी पक्की माहिती कॉलेजकडे हवी: कोणते कॉलेज, किती जागा, फी किती, शिष्यवृत्ती कोणती, हॉस्टेल कसे. प्रवेशाच्या माहितीपत्रकात त्यासाठी अर्धे पान पुरेल.